बोळाकडची खिडकी

लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले, तेव्हा त्या घराच्या मधल्या खोलीत भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागे. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये ही अंधारी खोली. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, तिथंच मशीनवर बायकांचे झंपर शिवत. त्यामुळे ट्यूब आणि डोक्यावरचा पंखा सकाळपासून चालू.

नव्वदचं दशक सरता सरता घरात फ्रिज आला, पाठोपाठ गिझर आला, आणि विजेचं बिल बघून यांचा चेहरा उतरायला लागला. यांचा उपाय एकच. कामावरून आले की घरभर फिरून बटणं बंद करायची. आत्ती वाद घालत नसत. स्कूटरचा आवाज आला की त्या स्वतःच ट्यूब बंद करून अंदाजानं शिवत राहायच्या. एकदा तशीच सुई बोटात शिरली. यांना फार लागलं ते. बटणं बंद करणं थांबलं, बिल मात्र जिथल्या तिथं राहिलं.

दिवाळीच्या आधी रंग द्यायला म्हणून आम्ही मधल्या खोलीतलं लाकडी कपाट ओढलं, तर त्याच्यामागं खिडकी निघाली. दारं मिटलेली आणि वरून खिळे ठोकलेले. मी विचारलं तेव्हा आत्तींनी मशीन थांबवलं नाही. रात्री जेवताना मग त्यांनी आपणहून सांगितलं. खिडकीपलीकडं दोन्ही घरांचा सामाईक बोळ होता, आणि त्याच्यापलीकडं त्यांची चुलत जाऊ राहायची. अक्का. दोघींचं माहेर सीमेवरच्या एकाच गावातलं, दोघी एकमेकींशी कानडीत बोलायच्या. पुढं बोळातल्या सांडपाण्यावरून पुरुषांची भांडणं झाली आणि सासऱ्यांनी खिडकीला खिळे ठोकले. सासरे गेले, अक्कांचे मालकही गेले, तरी खिळे तसेच होते. रस्त्यात समोरासमोर आल्या तर दोघी मान फिरवून जायच्या.

हे म्हणाले, उघडून टाकू. मी त्यांना थांबवलं. ती खिडकी आत्तींनीच उघडायची किंवा तशीच बंद ठेवायची, असं मला वाटलं. रंग वाळेपर्यंत कपाट खोलीच्या मध्येच उभं होतं. आत्ती त्याला वळसा घालून ये-जा करत, भिंतीकडं बघत नसत. मग एका सकाळी म्हणाल्या, "हातोडी आण. त्या ट्यूबच्या उजेडात मला आता दोरा ओवाय येत न्हाय."

"अक्का काही म्हणाल्या तर?"

"म्हणू दे की. उजेड काय तिच्या बापाचा हाय व्हय?"

खिळे गंजले होते. ठोकाठोकीनं बोळ दणाणला आणि खिडकी उघडली तेव्हा अक्का समोरच्या खिडकीत येऊन उभ्या होत्या, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. त्यांनी आत्तींकडं बराच वेळ बघितलं.

"चष्मा लागला व्हय गं तुला?"

"लागला की," आत्ती म्हणाल्या.

पुढचं सगळं कानडीत. मी चहा ठेवायला आत गेले, तर आत्तींचा आवाज एवढा चढला की भांडण पेटलं म्हणून मी धावत आले. दोघी हसत होत्या.

त्या दिवसापासून दिवसा ट्यूब बंद झाली. बोळातनं वारा यायला लागला, तसा पंखाही बराच वेळ बंद राहू लागला. पहिलं बिल बघून यांनी मीटर बिघडला का, म्हणून जाऊन बघितलं. मलाही मग नाद लागला. स्वयंपाकघराच्या छपरात काचेची कौलं बसवली. फ्रिज भिंतीला घासून उभा होता, तो पुढं ओढला, दाराचं फाटलेलं रबर बदललं. पिवळे बल्ब जाऊन सीएफएल आले.

गिझर तेवढा सुटत नव्हता. सोलर घ्यायचा तर आमचं छप्पर कौलांचं, टाकी ठेवायला जागा कुठली. अक्कांच्या घराला स्लॅब होता. त्यांच्याकडं विषय काढायला माझी जीभ रेटेना. शेवटी आत्तींनीच खिडकीतून काढला. अक्का मला म्हणाल्या, "तू काय पावणी हाईस व्हय? पाईप घाला की बोळातनं." दोन्ही घरांत मिळून एक सोलर घेतला. आधी अंघोळ कुणी करायची यावरून सकाळी खिडकीत थोडी कुरकूर व्हायची, पण पाणी सगळ्यांना पुरायचं. पावसाळ्यात तेवढा गिझर लावायचो.

त्या वर्षी यांनी बिलातनं वाचलेले पैसे आत्तींच्या हातावर ठेवले. आत्ती आणि अक्का माहेरच्या जत्रेला निघाल्या, कित्येक वर्षांनी, दोघी मिळून. मी स्टँडवर सोडायला गेले होते. एसटीत चढताच खिडकीशी कुणी बसायचं यावर त्यांची जुंपली, आणि गाडी हलली तरी ते मिटलं नव्हतं.