काठी धरणारी आत्या

आमच्या आत्याइतकी भांडकुदळ बाई मुदखेडपासून लातूरपर्यंत दुसरी झाली नाही, आणि झालीच असती तर आत्यानं तिला नांदू दिलं नसतं. मुदखेड स्टेशनवर गाडी उशिरा असल्याची घोषणा झाली की ही भोंग्याकडे तोंड करून ओरडायची, "नुसती दिलगिरी नको, गाडी आण!" डॉक्टरनं रक्तदाब वाढलाय म्हटलं, तर तिनं त्याला स्वतःचाच मोजायला लावला; तो खरोखर वाढलेला निघाला. परक्याच्या लग्नातही वरण पातळ म्हणून आचाऱ्याला भर पंगतीत उभं केलेलं. आम्ही भाचे तिच्यासोबत बाहेर जायचं टाळायचो.

दोन वर्षांमागं लातूरला मात्र मीच तावडीत सापडलो. तिच्या लेकीच्या घरून बसस्टँडकडे निघालो होतो. चौकात एक हवालदार केळीवाल्या म्हाताऱ्या बागवानाला काठीनं झोडपत होता. हातगाडा रस्त्यात आला, एवढाच गुन्हा. लोक मोबाइल वर धरून उभे. "आत्या, चल, बस चुकंल," म्हणत मी तिची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला. वळून पाहतो तर आत्यानं दोन्ही हातांनी हवालदाराची काठी धरलेली!

"आजी, बाजूला व्हा!"

"आजी कुनाला म्हन्तो रे? अन् त्याला का मारून राहिलास, ते आधी सांग!"

त्यानं काठी हिसकली आणि पुढचा तडाखा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. तेव्हा कुठं गर्दी पुढं सरकली आणि हवालदार निघून गेला.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर घालून आत्या ठाण्यात हजर. तक्रार कुणी घेईना. ती तीन दिवस डबा घेऊन बाकावर बसली. पंख्यावरून, पाण्यावरून, फौजदाराच्या अक्षरावरून भांडली. चौथ्या दिवशी त्यांनी हात जोडून तक्रार लिहून घेतली. बागवान साक्षीला आलाच नाही. मी चिडलो, तर आत्या शांतपणे म्हणाली, "भिला असंल. त्याला रोज त्याच चौकात उभं ऱ्हायचंय. मला न्हाई."

चौकशी झाली, हवालदार निलंबित झाला. आत्याचं मनगट वाकडंच राहिलं. आता तिला भांडताना दम लागतो, मध्येच थांबून पाणी मागते. पाहुणे आले की हा किस्सा मात्र सांगते: "मी अन् ह्यो, दोघांनी मिळून काठी धरली बघा!" मी रस्त्यापलीकडे पिशवी सांभाळत उभा होतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी तोंड उघडायला गेलो की डोळे वटारते.

"गप. मी सांगून राहिले ना!"