सुमनचं उत्तर मी दिलं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलींना नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांवर लिहिते आहे. पण आज पुरतं लिहूनच उठायचं, असं ठरवून बसले आहे.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका लहान प्रसूतिगृहात मी आया आहे. तिथे एक सिंधी डॉक्टर मॅडम होत्या. नोकरी करता करता त्यांनी बायकांच्या आजारांचा पुढचा अभ्यास धरला होता. दिवसभर दवाखाना, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मुंबईला वर्ग. दुपारी स्टरलायझरच्या डब्याला पुस्तक टेकवून त्या जेवायच्या, आमटी पानावर सांडायची. मला म्हणायच्या, "मौसी, डिलिव्हरी तो सब सीखते हैं. बाद में औरत का क्या हुआ, वो कोई नहीं पूछता."

त्या अभ्यासासाठी त्यांना वस्तीतल्या बायकांशी बोलायचं होतं. मी अंबरनाथला बुवापाड्यात राहायचे. बायका मला ओळखत होत्या, म्हणून त्यांनी मलाच बरोबर घेतलं. प्रत्येक बाईशी एकटीशी बोलायचं, असं त्यांना वर्गात शिकवलं होतं. मी म्हटलं, "आमच्यात तशी पद्धत नाही मॅडम. घरातली मोठी बाई जवळ बसते, तीच सांगते."

खोटं नव्हतं ते. सून स्वतःच्या अंगाचं बोलत नाही. सासू नाहीतर थोरली जाऊ तिच्या वतीनं बोलते. मॅडम म्हणाल्या, "आप जानती हो मौसी." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पण मी ते काय पद्धतीसाठी म्हटलं होतं? नाही. माझ्या घरात सुमन होती, म्हणून म्हटलं होतं.

सुमन माझी धाकटी जाऊ. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातली. हसायला लागली की थांबायची नाही, भांडी घासता घासता हसायची. सासू वारल्यापासून घरात माझंच चालायचं — बाहेर मुकी, घरात मात्र...

आता मॅडम आमच्या घरी आल्या तो रविवार सांगते. नाही, आधी बारशाचं सांगायला हवं.

सुमनच्या मुलाचं बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी तिला हंडा-कळशी घेऊन नळावर पाठवलं. त्या दिवशी मला सुट्टी होती. मी मेथी निवडत बसले होते. ती म्हणाली, "वैनी, अजून थोडे दिवस थांबले तर?" मी म्हटलं, "बाळंतीण काय जगात तू एकटीच झालीस? उचल."

नळावर शेजारची एकजण ओरडली, "काय गं सुमन, पोराला पाळण्यात घातलं नि तुला लगेच नळावर?" बायका हसल्या. दारात बसून मीही हसले.

काही महिन्यांनी मोरीपाशी मला गाठून सुमन हळूच म्हणाली, "वैनी, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. उकिडवं बसलं की हाताला लागतं." अंग बाहेर येणं म्हणतात ते. मी प्रसूतिगृहात काम करणारी बाई — मला कळलं नसेल? मी म्हटलं, "होतं तसं. कुणाजवळ बोलू नकोस."

मग तो रविवार. सुमननं सकाळीच डोक्यावरून आंघोळ केली, ठेवणीतलं पातळ नेसली. मला विचारलं, "मॅडम माझ्यासाठी येतायत ना, वैनी?" मी नुसतं "हं" म्हटलं. तिनं आलं घालून चहा केला.

मॅडमनी विचारलं, खाली काही उतरतं का? बाळंतपणानंतर जड कधी उचललं? सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट पाहत होती ती.

आणि चार माणसांत न निघणारा माझा आवाज त्या दिवशी स्पष्ट निघाला. "नाही मॅडम. हिला काही त्रास नाही. सव्वा महिना हंड्याला हात लावू दिला नाही आम्ही."

"ऐसा घर सबको मिले," मॅडम म्हणाल्या. सुमननं खाली मान घालून कपबश्या उचलल्या.

स्टेशनकडे जाताना मॅडम मला समजावत होत्या — लवकर कळलं तर व्यायाम सांगता येतात, आधाराला आत रिंग बसवता येते, कित्येकींना ऑपरेशन लागतही नाही. त्यांची पिशवी माझ्या हातात होती. मागे वळलं तर आमचं दार अजून दिसत होतं. मी वळले का? नाही वळले. मॅडमना सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच असता — हंडा कुणी उचलायला लावला? एवढ्यासाठी मी चालत राहिले.

मॅडम पास झाल्या. पेढे वाटले. मी एक सुमनसाठी घरी आणला, आणि तिनं तो खाल्ला.

मुलगा दहावीला गेला तेव्हा कुठे सुमनचं ऑपरेशन झालं. तोवर ती खाली कापड बांधून वावरली. हसलं की कपडे ओले व्हायचे, म्हणून तिनं हसणं सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं दाखवलं का नाही? ती म्हणाली, "राहून गेलं." मी पलंगाशेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता प्रसूतिगृहात बाई तपासून घ्यायला आली की सासवांना, जावांना मी बाहेर काढते आणि आतून कडी लावते. त्या भांडतात, शिव्या देतात. देऊ देत. त्यानं सुमनचं एक दिवसाचंही दुखणं कमी होत नाही, हे मला कळतं.

सुमन हल्ली बदलापूरला राहते. उद्या सकाळी मी तिच्याकडे जाणार आहे. हा कागद नेणार नाही. तोंडानं सांगणार आहे — नळाचं, आणि त्या रविवारचंही. माफ कर म्हणणार नाही. म्हटलं तर त्याचं उत्तर पुन्हा तिलाच द्यावं लागेल.

मी गेले की ती आधी चहा ठेवायला उठते. उद्या ती उठायच्या आधी सांगेन.