अंगाची ऊब

इलारिओ बेन्चिस्ता वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. जिभेला हाड नव्हतं, एवढंच. फ्लॉरेन्सच्या आमच्या रसायन विभागात काचसामान मी धुवायची, म्हणून एकेकाचे नखरे मला ठाऊक.

त्याचं काम असं, की कुजक्या माशासारखा वास मारणारं अमाईन पाण्यात घ्यायचं आणि त्यात तांब्याचं निळं पाणी सोडायचं. अमाईन तांब्याला घट्ट धरतं, आणि धरताना जराशी उष्णता सुटते. ती मोजायची. जराशी म्हणजे इतकी, की मोजताना खोलीत दुसऱ्या कुणी पाऊल ठेवायचं नाही. अंगाची ऊबसुद्धा चालायची नाही. कुणी दार ढकललं की इलारिओचं ओरडणं खालच्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. त्याचा आकडा छापून आला होता आणि त्याला बोट लावायची कुणाची हिंमत नव्हती.

ओर्नेल्ला वान्नुक्की त्याच्याच हाताखाली प्रबंध करत होती. तिनं तेच मोजलं, तर उष्णता जास्त भरली. शुक्रवारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवायचो, हरभरे आणि खारा मासा. तिथं तिनं भीत भीत विचारलं, "डॉक्टर, माझा आकडा तुमच्याहून मोठा येतोय. कशामुळे असेल?"

इलारिओ पाव मोडत म्हणाला, "अगं, तांब्याची उष्णता मोजलीस की स्वतःच्या तापाची? तुला खोलीत सोडली म्हणजे शेगडीच पेटवून ठेवली की!"

टेबलावर हसून हसून मुरकुंडी वळली. प्रोफेसरही हसले. पोरीचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून तिचं नाव शेगडी पडलं. "शेगडी आली, खिडक्या उघडा रे!" मेल्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. पुढे तिनं प्रबंध टाइप करून प्रोफेसरांकडे दिला.

त्यानंतर इलारिओनं एकदा आपली अमाईनची बाटली माझ्यापुढे ठेवली, धुवायला. बाटलीच्या तोंडाशी चुन्याच्या खड्यांची नळी असते. अमाईन हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन बसतं, मग तांब्याला धरायला कमीच उरतं. चुना तो वायू वाटेतच अडवतो. मी नळी उपडी केली, तर चुना कधीचाच मेलेला, वायू अडवायचा जोरच संपलेला. कधी बदलला होता, त्याचं त्यालाच आठवेना. चेहरा खर्रकन उतरला. ताजं अमाईन करून, ताजा चुना भरून त्यानं पुन्हा मोजलं. ओर्नेल्लाचाच आकडा आला.

मोरीशी येऊन उभा राहिला, कानापर्यंत लाल. "अर्जीआबाई, काय करून बसलो मी! लाजेनं मान वर होत नाही माझी."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"टेबलावर हसलो, टेबलावरच सांगतो," तो म्हणाला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लाज शिल्लक आहे बाबाला.

शुक्रवारी तो खरंच उभा राहिला. "माझ्या बाटलीतला चुना मेला होता. माझा छापलेला आकडा चूक आहे. ओर्नेल्लाचा बरोबर. मी तिची थट्टा केली, मला फार शरम वाटते."

कुणी हसेना. प्रोफेसर म्हणाले, "होतं असं. निदान बरोबर आकडा हिच्या प्रबंधात आहे, तेच आपलं नशीब."

ओर्नेल्ला पांढरीफटक पडली. खाली बघत म्हणाली, "नाहीये. मी बदलला तो. डॉक्टरांचाच लिहिला."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. खोटा आकडा लिहिणारी म्हणून, सगळ्यांसमोर. इलारिओला आपली लाज धुवायची होती, आणि उघडी पडली ती पोर.

"अगं, असं कसं केलंस? एकदा मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं की, डॉक्टर," ती म्हणाली. "इथंच, याच टेबलावर."

त्या दिवशी इलारिओनं ताटाला हात लावला नाही, आणि मीही त्याला जेव म्हटलं नाही.