पट्टा की बुडबुडा

आईचा डावा डोळा गेला तेव्हा शेतात धानाची रोवणी चालू होती. एका बाजूनं काळा पडदा सरकत येतोय, असं ती सांगायची. पण दुखत नव्हतं, म्हणून रोवणी उरकेपर्यंत कोणी मनावर घेतलं नाही. मग पवनीहून एसटीनं नागपूर. तिथं डॉक्टरांनी डोळ्याला बाहेरून सिलिकॉनचा पट्टा शिवला आणि आत मागच्या भिंतीपासून सुटलेला नजरेचा पडदा परत टेकवला. दोन्ही डोळे बांधून, डोक्याशी वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणं निजवलं होतं. पडदा बसला, नजर आली नाही. उजेड आणि अंधार, एवढंच त्या डोळ्याला कळायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तीच वेळ माझ्यावर आली. मी पवनीत शिवणकाम करत होते. उजव्या डोळ्यात विजा चमकल्या आणि खालून सावली चढू लागली. आईनं मला त्याच दिवशी नागपूरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक पट्टा: ऑपरेशन मोठं, चष्म्याचा नंबर बदलणार, पण पकड पक्की. दुसरी नवी: डोळ्यात सुईनं गॅसचा बुडबुडा सोडायचा, तो वर चढून पडदा दाबून धरतो. माझ्या पडद्याला पडलेलं छिद्र वरच्या बाजूला होतं, म्हणून तेही चालण्यासारखं होतं. मात्र मान सांगतील तशीच धरायची, आणि नाही जमलं तर पट्टा आहेच.

मला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचं बोलणं चाललंय, तशी मी ऐकत होते. मी आईकडे पाहिलं.

"माह्या डोयाकडं पाहून नोको ठरवू," ती म्हणाली. "मीच उशिरा आली. पट्ट्याचा का दोष?"

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. मी बुडबुडा म्हणाले.

मान तिरकी धरून मी बसून राहायचे. नजरेसमोर बुडबुड्याची कड पाण्यासारखी हलायची. मान ढळली की आई हनुवटीला बोट लावायची. बुडबुडा विरत गेला आणि सावली पुन्हा आली. खाली, बुडबुडा पोचत नाही तिथं, नवं छिद्र पडलं होतं. मग पट्टाही झाला. उलट्या झाल्या, डोळा ठणकला. रडू आलं नाही.

नजर राहिली. सरळ शिलाई जराशी वाकडी दिसते, म्हणून मी ती बोटानं चाचपून घेते. गावातलं कोणी विचारतं, दोन्हींत चांगलं कोणतं? मी सांगते, आधी नागपूरची गाडी पकडा.