जंबेरीवरची किरमिजी गाठ

जंबेरीच्या कोवळ्या खोडावर किरमिजी धाग्याची एक इवलीशी गाठ, आणि तिच्यावर थबकलेला हिवाळ्यातल्या दवाचा थेंब... प्रताप नगरच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवली, की चुरगाळलेल्या लिंबाच्या पानांचा वास अजूनही नाकाशी दाटून येतो. मी तेव्हा दहा वर्षांची होते. वाचनालयातल्या सगळ्या रहस्यकथांचा फडशा पाडून झाल्यावर, दोनशे पानी वहीत हिरव्या शाईने स्वतःचीच कादंबरी लिहायला बसले होते. रहस्य तेवढं सापडत नव्हतं, आणि ते असं आयतं दाराशी उगवलं! कुंपणाजवळच्या त्या काटेरी, आंबट फळांच्या झाडाकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, आणि त्यावर एका सकाळी तीन गाठी. माझ्या कादंबरीत लगोलग एक वनदेवी अवतरली.

संशयितांच्या यादीतून आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव मी मोठ्या मनाने खोडलं. उमरेडला हातमागावर जन्म घालवलेल्या आबांचा हात आता इतका कापे, की बशीतला अर्धा चहा सदऱ्यावरच सांडे. माग गेला, घर गेलं. आमच्याकडे राहायला आल्यापासून ते बोलतही बेताचंच. अशा माणसाला इतकी नाजूक गाठ कुठून जमणार?

चार दिवस मी पाळत ठेवली. मग पुरावा जप्त करायला निघाले. नखं लावली, दात लावले. गाठ काही सुटेना. शेवटी आईची कात्री आणून दोन धागे कापले आणि डिंकाने वहीत चिकटवले. धाग्यांखालून सालीचे दोन हिरवे तुकडे गळून पडले, त्यांच्याकडे मी पाहिलंही नाही. तिसऱ्या धाग्याला कात्री लावणार, तोच मागून आवाज आला.

“काहून कापून राहिली वं माय?”

आबा मातीतच बसले. ते तुकडे उचलून तळहातावर घेतले. आठवड्यापूर्वी ते एसटीने उमरेडला जाऊन आले होते, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं.

“आपल्या घरचं संत्र्याचं झाड तोडून राहिले होते ते नवे लोक. एक फांदी आणली ओल्या फडक्यात. तीनच डोळे चांगले निघाले.”

जंबेरीच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरून सालीसकट काढलेला कोंब, बसवायचा, वरून धागा आवळायचा. तीन आठवड्यांत तो जीव धरतो आणि आंबट मुळांवर गोड झाड वाढतं. वनदेवीपेक्षा मोठी जादू, आणि तिचे दोन तृतीयांश मी कात्रीने उडवले होते. मी हमसून हमसून रडू लागले. आबांनी वही मागितली, चिकटवलेल्या गाठींवरून कापरं बोट फिरवलं.

“सुटली नाही ना तुले?”

“नाही.”

“मागावरची गाठ हाय. इतकी बारीक, का मागाच्या फणीतून जाते, पण सुटत नाही.” आणि आबा हसले... आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. “आता तिसऱ्याले जप.”

मग रोज सकाळी आम्ही दोघं राखणीला. तीन आठवड्यांनी त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली, म्हणाले, “आता काप.” धाग्याखाली डोळा हिरवागार होता. कादंबरी मात्र तिथेच राहिली. गुप्तहेरच गुन्हेगार निघाल्यावर पुढे काय लिहायचं?

पहिली संत्री धरली त्या वर्षी आबा नव्हते. सोलताना सालीचा तो झणझणीत वास उडाला आणि आईला एकाएकी हुंदका फुटला. झाड आता थकलंय. मधल्या फांद्या वाळल्यात. या हिवाळ्यात मी जंबेरीचं नवं रोप लावलं, जुन्या झाडाचा डोळा काढला, वही समोर उघडून त्या दोन गाठी पाहत पाहत धागा बांधला. माझा हात जराही कापत नाही. गाठ मात्र पुन्हा पुन्हा सुटते आहे.