वाघ गेला का?

मला एक सांगा, चित्र विकत घेताना विश्वास कोणावर ठेवायचा? काढणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, की चित्राच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर? बारा वर्षं मी त्या चिठ्ठ्या चिकटवतोय, म्हणून विचारतो.

बोईसरला माझं फ्रेमचं दुकान आहे. वडील सोलापूरकडून इथल्या एका फॅक्टरीत कामाला आले. मी दहावीला दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा काच कापायला बसलो. ते काम मला कोणी शिकवलं नाही, डाव्या हाताच्या तीन बोटांनी शिकवलं. दुकानात चित्रं येतात, चित्रांमागून माणसं येतात, माणसांबरोबर किस्से येतात. चित्रं विकली जातात. किस्से दुकानातच पडून राहतात, आणि आता दुकानात मला बसायला जागा उरलेली नाही. म्हणून थोडे तुमच्याकडे पाठवतोय.

सुरुवात एका कॉलनीतल्या बाईंनी केली. वारली चित्राला फ्रेम करायला आल्या आणि म्हणाल्या, "हे काढणारे राहतात कुठे?" म्हटलं, उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी पाडा आहे. "नेऊन दाखवाल?" नेलं. पुढच्या रविवारी त्यांच्या भिशीतल्या सात जणी व्हॅनजवळ उभ्या. तेव्हापासून भात झोडून झालं की दर रविवारी माझी फेरी असते. तीन घरं दाखवायची: पाड्यावरचे लखमादादा आणि काशीवहिनी, चिंचणीचे डायवाले पांडूमामा, आणि घिवलीचे दामूतात्या.

त्या सात जणींना मी गाडीत 'आर्टिस्टचा होम स्टुडिओ' असं ऐटीत सांगून ठेवलं होतं. कुडाच्या घरापुढे उतरल्यावर एकीने गॉगल वर करून विचारलं, "स्टुडिओ कुठला?"

लखमादादाने आत नजर टाकली आणि म्हणाला, "थांबा जरा. कोंबड्या हाकलल्या की होतो."

*

पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळं तिच्याभोवतीच फिरतं. काशीवहिनींना एकदा मुंबईला जायचं होतं. राणीचा बाग नको, समुद्र नको. त्या घरातून गेलेली चित्रं जिथे लावतात ती भिंत फक्त बघायची होती. पण प्रदर्शनवाल्यांचं बोलावणं नेहमी एका माणसाचं, आणि चिठ्ठीवर जे नाव त्याचं. चिठ्ठीवर नाव लखमादादाचं. माझ्याच अक्षरात.

पहिल्यांदा लखमादादा मुंबईला जाऊन आला, त्या रविवारी मी तिथेच होतो. वहिनी चुलीपाशी बसून एकेक विचारत होत्या.

"कशी होती जागा?"

"एसी होता."

"आनि भिंत?"

"मोठी होती."

"आनि चित्र कसं दिसत होतं?"

लखमादादाने बराच विचार केला. "थंड," म्हणाला.

*

चिंचणीचे पांडूमामा पोलादावर दागिन्यांचे डाय कोरतात. पान, फूल, वेल, सगळं उलटं आणि खोल. त्या साच्यावर पत्रा ठोकला की दागिना सुलटा उठतो. खिडकीशी पाट, डोळ्याला भिंग, आणि घरात सगळे टाचा उचलून चालतात.

एकदा एक नवीन जोडपं आणलं होतं. मामांनी भिंगातून मान वर केली ती थेट मुलीच्या गळ्याकडे. नजर हलेना. नवरा कोरडं खाकरला. मामा उठून जवळ आले तसा तो मध्ये उभा राहिला.

"सरका हो," मामा म्हणाले. "माझं पान आहे ते."

मुलीच्या पेंडंटमधलं पान. डावीकडून तिसरी शीर जराशी लांब गेली होती. "ती कोरताना शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. हात उडाला."

मुलगी हिरमुसली. "पण दुकानदार म्हणाला होता ही डिझाइन एकच आहे."

"एकच आहे ना. अशा किती हजार निघाल्या असतील ते मात्र मला नाही सांगता यायचं." मग मामा पुन्हा पाटावर बसत म्हणाले, "माझं नाव कुठे नसतं. पण शिट्टी सगळीकडे गेली."

मी हा किस्सा पाड्यावर सांगितला. सगळे हसले. काशीवहिनींनी तेवढं विचारलं, "पन त्यांना गळ्यात बघाय मिळालं ना?"

*

दामूतात्या म्हणजे घिवलीचे जुने तांडेल, मच्छीमार बोटीचे म्होरके. गुडघे गेल्यावर समुद्र सोडला आणि वीतभर लांबीच्या होड्या करायला लागले. शीड, सुकाणू, नांगर, सगळं हिशेबशीर.

मुंबईच्या एका गृहस्थांना होडी आवडली. म्हणाले, हिच्यावर माझ्या मुलीचं नाव घाला, ईशा. तात्यांनी घातलं. गृहस्थ होडी उचलायला गेले तर तात्यांनी हात धरला. "नाव घातलं ना? मग आधी पाण्यात उतरवाय लागते."

"अहो, शोकेसमध्ये ठेवायची आहे."

"कुठं पन ठेवा. न तरंगनारी होडी मी देत नाय."

निघाली वरात किनाऱ्याला. हळद, कुंकू, नारळ. होडी सोडली आणि ती झक्क तरंगत निघाली. फक्त ओहोटी लागली होती, हे तांडेलाच्या ध्यानात राहिलं नाही. समुद्र सोडून वर्षं झाली होती त्यांना. आम्ही बघतोय, आणि ईशा निघाली गुजरातकडे.

गृहस्थ कंबरेवर हात ठेवून उभे. तात्या म्हणाले, "भरतीला येल. तवर च्या घेऊ."

तीन चहा झाले. संध्याकाळी शेजारचा पोऱ्या जाळं ओढून आला, त्यात होडी. शीड मोडलेलं, आत चिखल, चिखलात दोन कोळंब्या. तात्यांनी कोळंब्या पानावर ठेवून गृहस्थांच्या हातात दिल्या. "पोरगी कमावती हाय तुमची."

*

आता वाघ.

लखमादादाच्या घरची चित्रं माझ्याकडे टिकत नाहीत. नाच, पेरणी, लग्न, आली की गेली. एकच चित्र हलेना. जंगलातला वाघोबा. मिशा होत्या, पट्टे होते, शेपूट तर कागदाबाहेर जाईल इतकी होती. पण एका गिऱ्हाइकाच्या छोट्या मुलीने त्याच्याकडे बघून विचारलं, "आई, ही शेळी का रागावलीय?" त्या दिवसापासून मलाही शेळीच दिसायला लागली. शेवटी स्विचबोर्डाच्या वर टांगून टाकला.

लखमादादा बाजाराच्या दिवशी यायचा. मी म्हणायचो, "दादा, नाचाचं गेलं. लग्नाची दोन्ही गेली."

"बरं," तो म्हणायचा. "वाघ गेला का?"

दर खेपेला तेच. पंधरा चित्रं गेली असली तरी, "वाघ गेला का?" मी मनात म्हणायचो, काय माणूस आहे. जे विकलं त्याचं काही नाही, आणि एका शेळीत जीव अडकलाय.

*

एका फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांनी ऑर्डर दिली. वारलीत आमची फॅक्टरी काढून पाहिजे. महिन्याने साहेब स्वतः पाड्यावर न्यायला आले. चित्र झकास होतं. चिमणी, टाक्या, पाइप, आणि मधोमध तारप्याच्या सुरावर कामगारांचा फेर. कोणाच्या हातात पाना, कोणाच्या बादली, कोणाच्या झाडू.

साहेबांनी लखमादादाला विचारलं, "इसमें मैं कौन सा हूँ?"

लखमादादा चित्राकडे बघतच राहिला. उत्तर चुलीकडून आलं. "ज्याच्या हातात काय नाय, तो."

ड्रायव्हर आधी हसला, मग घाबरला, मग साहेब हसले. चित्र त्यांनी केबिनमध्ये खुर्चीच्या मागेच लावलंय. मला त्या दिवशी वाटलं, बाई मोठी हजरजबाबी आहे. तेवढंच वाटलं. माणसाने गिऱ्हाइकाकडे बघत धंदा केला की चुलीकडे बघायचं राहतं.

*

गेल्या वर्षी मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं. माणूस एक, नाव लखमादादाचं. मी ते पत्र घेऊन पाड्यावर गेलो, तेव्हा फेरीत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. वहिनींनी पत्र ऐकलं आणि चहाचं आधण ठेवलं.

बाईंनी लखमादादाला विचारलं, "काका, हा ब्रश कसा बनवता?"

हे तो नेहमी सांगतो. "बांबूची काडी घ्यायची. टोक दातानं चावायचं. चावून चावून मऊ केलं का झाला कुंचला. मग तांदलाचं पीठ कालवायचं, नि सुरू."

बाई म्हणाल्या, "आ करा बघू."

सवय असते ना डॉक्टरांना. लखमादादानेही केला आ. बाईंनी मोबाइलचा टॉर्च लावला. "वरचे सगळे गेलेत. खाली दोन आहेत, तेही हलतायत. किती दिवस झाले?"

"झाली की सात वर्सं."

"मग काडी कोण चावतं?"

वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"काडी मी चावते," काशीवहिनी म्हणाल्या.

"आणि चित्र?"

लखमादादाने तोंड मिटलं. माणूस खोटारडा नाही, त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. बोटांवर मोजत म्हणाला, "शेन मी सारवतो. गेरू मी लावतो. खाली नाव मी लिवतो, घरात चौथी पास मीच हाय."

"आणि मधलं?"

"मधलं तिचं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहाकडे बघायला लागलो. बारा वर्षं मी त्या माणसाशी समोरासमोर बसून बोलत होतो. त्याच्या तोंडात वरचे दात नाहीत हे सात वर्षं दिसत होतं, आणि काडी दातांनी चावतात हे मीच गिऱ्हाइकांना सांगत होतो.

मी पत्र वहिनींपुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही. आधी नवऱ्याकडे बघितलं.

लखमादादा म्हणाला, "मी एसी बघितलाय. तू जा."

*

प्रदर्शनवाल्या संस्थेला फोन केला. म्हटलं, नाव बदलायचं आहे. तिकडून मुलगी म्हणाली, "आर्टिस्ट बदलला का?" म्हटलं, आर्टिस्ट तोच आहे, नाव चुकलं होतं. "सर, आता सगळं प्रिंट झालंय." म्हटलं, त्यावर नवी चिठ्ठी मी येऊन चिकटवतो.

वहिनींना मी आणि माझी बायको व्हॅनने घेऊन गेलो. हॉलमध्ये त्या सरळ आपल्या चित्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पंगतीचं चित्र. खाली चिठ्ठी.

"यात माझं नाव कुठलं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी नखाने चिठ्ठीचा कोपरा चाचपला. "नीट चिकटवलं नाय तुमी."

मग बराच वेळ त्या चित्र बघत राहिल्या. माझ्या बायकोला वाटलं, भरून आलंय, म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन पुढे झाली. वहिनींनी बाटली घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "शेट, काच काढा. ही एक बाई उपाशी ऱ्हायली."

पंगतीच्या टोकाला खरंच एकीपुढे पान नव्हतं. वहिनींच्या पिशवीत काडी होती, डबीत पीठ होतं. तेवढ्यात वॉचमन धावत आला. "मॅडम, छूना मना है."

"मग हिला वाढनार कोन? तू?"

त्याला मराठी येत नव्हतं. मी समजावून सांगितलं. त्याने चित्रातल्या त्या बाईकडे नीट बघितलं, हॉलमध्ये इकडे तिकडे बघितलं, आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभा राहिला. "दो मिनट," म्हणाला.

काच मीच बसवली होती, मीच काढली. वहिनींनी तिला पान वाढलं. वर भात वाढला. मग जरा थांबून आणखी एक ठिपका दिला.

*

पुढच्या बाजाराला दोघं दुकानात आले. लखमादादा दारातूनच म्हणाला, "वाघ गेला का?" मी नाही म्हटलं, तसा तो समोरच्या टपरीवर चहाला जाऊन बसला. वहिनी मात्र आत येऊन स्टुलावर बसल्या.

"तुमची ती वही काढा. कंचं चित्र कुनाचं, ते लिवता ती. वाचा."

मी वाचायला लागलो.

"नाच."

"माझं."

लखमाचं नाव खोडायचं, काशी लिहायचं.

"पेरणी."

"माझं."

"लग्न."

"माझं. ते दुसरं पन माझं."

अशी पानं उलटत गेली. गिऱ्हाइकं आली, मी त्यांना हातानेच थांबवलं. बारा वर्षांची नावं खोडता खोडता पेनाची रिफील संपली, दुसरी घातली. हाताला आता सवय लागली होती. त्यांनी म्हणायच्या आधीच मी खोडत होतो.

"वाघ," म्हटलं, आणि नावावर रेघ ओढायला पेन टेकवलं.

वहिनींनी पानावर हात ठेवला. बोटांच्या पेरांत पांढरं पीठ अडकलेलं होतं. त्यांनी स्विचबोर्डाच्या वर बघितलं, मग टपरीकडे बघितलं. लखमादादा बशीत चहा ओतून फुंकत होता.

"मी माहेरी गेलेली तवाचा हाय तो. काडी चावून ठेवून गेलेली मी, पन चित्र सगळं त्यांचं. त्यांचंच नाव ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिशेब खरा ठेवा, शेट."