हललेला फोटो

आज कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याच्या चामडी कव्हराचा वास आला आणि सोलापुरातली ती सकाळ आठवली. रोल धुऊन आला की वडिलांनी काढलेले सगळे फोटो हललेले निघायचे, म्हणून मी नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. अंगणात चादर वाळत घालणाऱ्या आईचा त्यांनी फोटो काढला. तो लगेच पडद्यावर दिसला, तोही हललेलाच! "ह्योबी बिघडलेलाच हाय की!" वडील वैतागले. मग मी काढला, तर चादरीचा धागा न् धागा स्पष्ट. मी चरकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते. आई मात्र दचकली नाही. तिनं त्यांना चहा आणून दिला, रोजच्यासारखा, सांडू नये म्हणून अर्धाच कप. अजूनही कुठं अर्धा भरलेला कप दिसला, की नजर आधी समोरच्याच्या हातांकडे जाते.